ठेवीदारांचे संरक्षण : १९६० सालचा धडा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाचा विद्यार्थी साहाय्य निधी बँकेतून काढून अधिक व्याज देणाऱ्या एखाद्या पतसंस्थेत ठेवावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आलेली आहे. तिजवर मत देण्यापूर्वी थोडा इतिहास सभेपुढे ठेवण्याची अनुज्ञा आम्ही मागितली. ती अध्यक्षांनी दिली याबद्दल त्यांचे आभार.

पालई सेंट्रल बँक ही केरळातील सर्वांत मोठी बँक होती. ८ ऑगस्ट १९६० रोजी ती मोडीत काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेने केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला आणि तिचे व्यवहार थांबले. अपुऱ्या तारणावर दिलेली कर्जे बुडीत निघाली, हे मूळ दुखणे. ते तपासणीत पूर्वीच आढळलेले होते. म्हणून रिझर्व्ह बँकेवर दुहेरी टीका झाली. इतकी वर्षे स्वस्थ का बसलात, असे काही म्हणाले. बँक बंदच का केली, असे दुसरे! त्याच वर्षी लक्ष्मी बँक बुडाली. ती अकोल्याची, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलीच.

अशा वेळी भय संसर्गजन्य असते. कोणतीही बँक ठेवीदारांचा सर्व पैसा पेटीत ठेवीत नाही. त्याचा मोठा भाग कर्जाऊ दिलेला असतो. सर्वच ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले, तर सुस्थितीतील बँकही अडचणीत येते. शेजारची बँक बुडाली म्हणून माणूस आपल्या बँकेकडे धावतो, आणि त्यास मूर्ख म्हणता येत नाही. कारण मागे राहणाऱ्याच्या हाती काही लागेल, याची हमी त्या काळी कोणी दिलेली नव्हती.

ती हमी पुढे मिळाली. १९६० मध्येच कायदा सुधारून दुर्बल बँकांचे सक्तीने विलीनीकरण घडविण्याचा मार्ग मोकळा करण्यात आला. १९५१ अखेर देशात ५६६ बँका होत्या. १९६९ पर्यंत त्या शंभराच्या आत आल्या. ठेव विमा महामंडळाचा कायदा १९६१ साली झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण लाभले. अमेरिकेने हे १९३३ सालीच केले होते. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा, ठेवीदाराने नव्हे. प्रारंभी तो शंभर रुपयांस वर्षाला पाच पैसे होता. सहकारी बँकांना ही योजना १९७१ पासून लागू झाली. १९९३ पासून मर्यादा एक लाखावर होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबईतील ठेवीदारांचे झालेले हाल आपण पाहिलेच. फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा पाच लाख झाली. आणि बँकेवर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी, अशी तरतूद २०२१ साली झाली.

आता आपल्या निधीविषयी. हे पाच लाख मुद्दल व व्याज मिळून, आणि एका बँकेतील सर्व शाखा मिळून धरले जातात. चार शाखांत चार खाती उघडून उपयोग नाही. मुख्य गोष्ट अशी की, हा विमा बँकांतील ठेवींना आहे. पतसंस्था कितीही सचोटीची असो, तेथील ठेवींना तो लागू नाही. सूचनेत अधिक व्याजाचा आकडा ठळकपणे दिला आहे. ही गोष्ट मात्र तीत कोठेही आढळली नाही.

हा निधी आपल्या मुलांच्या शुल्कासाठी वडीलधाऱ्यांनी थोडाथोडा जमविलेला आहे. तो दोन-तीन बँकांत, प्रत्येकी पाच लाखांच्या आत राहील असा विभागून ठेवावा, अशी उपसूचना आम्ही लेखी दिली आहे. ती मतास टाकावी, एवढीच अध्यक्षांस विनंती.