अंगणातली करडई

करडई शेतात पेरायची, बागेत नव्हे, असे मला आमच्या सोसायटीतल्या मंडळींनी ऐकवले. त्यांचे काही चुकले नाही. गुलाबाशेजारी काटेरी तेलबी कोण लावते? पण इंग्रज ज्याला थिसल म्हणतो, त्याच कुळातली ही आपली करडई. माळावरची उटकटारीही तिची नातलग. स्कॉटलंडने थिसलला राष्ट्रचिन्हाचा मान दिला. आपण करडईला ज्वारीच्या कडेने राखणीला उभे केले. काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत.

माझे माहेर सोलापूर जिल्ह्यातले. करडईची काढणी पहाटे चाले, कारण दवाने काटे मऊ पडतात. आई हातांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून निघे, तरी संध्याकाळी दिव्याशी बसून सुईने काटे काढावे लागत. पुढे भावाने हे पीकच बंद केले. म्हणाला, "अक्का, काट्यात हात घालायला आता कोण येतंय?" घरातले उरलेले किलोभर बी त्याने माझ्या पिशवीत टाकले. म्हणून ही बाग.

पहिल्या वर्षी मी रोज झारीने पाणी घातले आणि तीन आठवड्यांत रोपे मान टाकून मेली. शेतकऱ्याची लेक म्हणवून घेणारी मी! करडईचे सोटमूळ खोल जाऊन ओल शोधते. वर पाणी साचले की ते कुजते. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरअखेर पेरले आणि हात आवरला. विरळणीत उपटलेली कोवळी रोपे ही पहिली भाजी. मुगाची डाळ, भरपूर लसूण. किंचित कडसर लागते. पानांना काटे धरले की भाजीचे दिवस संपले.

मग पिवळी फुले येतात आणि सुकताना तांबडी होतात. पूर्वीचा कुसुंबी रंग यांचाच. पाकळ्या गार पाण्यात धुतल्या की पिवळा रंग निघून जातो. उरलेला तांबडा सोड्याच्या पाण्यात उतरतो आणि त्यात लिंबू पिळले की कापडावर चढतो. मी एक सुती रुमाल रंगवला. सुरेख गुलाबी झाला, पण उन्हात लवकरच विटला.

बियांत साधारण तीस टक्के तेल. माझ्या वाफ्यातल्या बियांसाठी घाणा कोण फिरवणार? मी बी भिजवून, वाटून, गाळून दूध काढते आणि गव्हाच्या खिरीत घालते. नातवंडांना ते गाईचे दूध वाटते.

काट्यांवरून तक्रार आलीच. एका मुलाचा चेंडू वाफ्यात गेला आणि हात ओरबाडला. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याची करडई तयार केली आहे, ती लावा, असे एकाने सुचवले. सूचना रास्त होती. लावलीही, पण दाणे भरताच पोपटांनी फस्त केली. आता जुनीच आहे, भोवती जाळी घालून.

यंदा नवरात्रात भावाचा फोन आला. ज्वारीत रानडुकरे शिरतात, कडेने चार तास करडई टाकून बघतो म्हणाला. बी आहे का? दोन किलो एस.टी.ने पाठवले. काढणीला कोण येणार, ते मी विचारले नाही.