लोहारकीची हत्यारे : कोणती घ्यावी व कशी वापरावी
(जालना जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर बांधवांच्या सभेत झालेले व्याख्यान)



आज आम्ही आपणांस कोणत्या देवाची कथा सांगावयास उभे राहिलो नाही. ऐरण, हातोडा, सांडशी व भाता या चार वस्तूंविषयी बोलावे, एवढाच हेतू आहे.

जालना शहर आज लोखंडी सळयांसाठी नावाजलेले आहे. तेथील भट्ट्यांत भंगार वितळते व त्याच्या सळया होतात. पण त्याच जिल्ह्यातील खेड्यांत काय दिसते? बलुते मोडले, ट्रॅक्टर आला, बाजारात तयार खुरपी आली, आणि कित्येक लोहारांच्या घरची आज्याची ऐरण किलोच्या भावाने भंगारात गेली. बलुते गेले याचे आम्हास दुःख नाही. सुगीला दुसऱ्याच्या खळ्यावर पसाभर जोंधळ्यासाठी ताटकळणे हे मानाचे जिणे नव्हते. दुःख याचे, की बलुत्याबरोबर विद्याही चालली. ऐरण पुन्हा विकत मिळेल. हात विकत मिळत नाही.

शेतकरी बंधू म्हणतील, ‘लोहारकी लोहाराची, आम्हास तिचे काय?’ तर हेच ते जातीचे कुंपण! जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला व १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अविद्येत आहे हे दाखविण्यासाठीच. हाताची विद्या ही विद्या नव्हे काय? बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून लोक तो घेईनात. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. गैरसमज धरून बसणारा मागे राहतो, हाच याचा बोध.

आता हत्यारांकडे वळू. सर्व हत्यारे एकदम घेऊ नयेत, व सावकाराच्या पैशाने तर मुळीच घेऊ नयेत. नवी ऐरण महाग पडते. आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा बाभळीच्या ओंडक्यावर पक्का बसविला, की घरकामास पुरतो. मात्र तो पावतीनेच घ्यावा. रेल्वेचा चोरीचा माल बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जुनी ऐरण घेताना तिच्यावर लहान हातोडा सोडून पाहावा. तो चांगला उसळला तर ऐरण कडक. थप्प आवाज होऊन पडून राहिला तर ती मऊ किंवा चिरलेली समजावी. उभ्याने काम करणाऱ्याची ऐरण खाली सोडलेल्या हाताच्या मुठीइतकी उंच असावी. हातोडा किलोभराचा पुरे. जड हातोड्याने काम वाढत नाही, मनगट मात्र जाते. भट्टी विटामातीची घरीच होते. वाऱ्यासाठी भाता किंवा हाताने फिरविण्याचा पंखा घ्यावा. एक सांडशी विकत घ्यावी व दुसरी स्वतः घडवावी. छिन्नी व सुंबाही घरीच करावा. ज्याने आपले हत्यार आपण घडविले, त्याची अर्धी शाळा झाली.

मालाची पारख त्याहून महत्त्वाची. बांधकामाच्या सळईचे खुरपे दिसावयास बरे, पण तिच्यात कर्ब कमी असल्याने तिला पाणी चढत नाही व धार टिकत नाही. धारेच्या जिनसांस ट्रकच्या कमानीचा पाटा उत्तम. पत्रा किंवा नळ जस्ताचा मुलामा दिलेला असेल, तर तो भट्टीत घालू नये. त्याच्या धुराने ताप भरतो.

लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून भट्टी सावलीत, पण चोहोकडून वारा खेळेल अशी असावी. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू जीव घेतो. लोखंड नारिंगी-पिवळे झाले की ठोकावे. लाली काळवंडल्यावर ठोकले तर तडा जातो. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या, तर माल जळत आहे असे समजावे.

पाणी देण्याची युक्ती पुष्कळजण गुप्त ठेवतात. आम्ही ती उघड सांगतो. तापलेल्या पाट्यास लोहचुंबक चिकटेनासे झाले, की किंचित अधिक तापवून तो पाटा कोमट गोडेतेलात बुडवावा. एकदम गार पाण्यात तो चिरण्याचा संभव असतो. तेल लोखंडी भांड्यात असावे व झाकण जवळ ठेवावे. असे पोलाद कडक पण ठिसूळ होते. म्हणून ते घासून पांढरे करावे व पाठीकडून हळू ऊब द्यावी. प्रथम वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. विळा तपकिरीवर थांबवावा. कुऱ्हाड व कुदळ जांभळ्या-निळ्यावर. अंगात सुती कपडे, पायांत जोडा व डोळ्यांस चष्मा असावा.

पैशाचे म्हणाल, तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेच्या अठरा धंद्यांत लोहारकी आहे. हाताने धंदा करणाऱ्यास शिक्षण, दिवसास ५०० रुपये विद्यावेतन व हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. नोंदणी सेवा केंद्रात होते व पडताळणी प्रथम ग्रामपंचायत करते. पहिले कर्ज एक लाखापर्यंत, शेकडा पाच व्याजाने आहे. पण कर्ज ते कर्जच, गरजेपुरतेच घ्यावे. लाभ घरातील एकासच मिळतो.

तो एक कोण असावा? घिसाडी बांधवांच्या पालापुढे बायामाणसे घण मारताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. भाता ती ओढते, घण ती मारते, आणि कारागीर म्हणून नाव मात्र नवऱ्याचे! तिचे नाव नोंदवावे, निदान मिळकतीत तिचा हिस्सा मोजावा.

आमची शेवटची विनंती एकच. लोहारबंधूंनी आपली ऐरण विकू नये व आपली विद्या झाकू नये. शेतकरीबंधूंनी गावच्या लोहारास रोख व वेळेवर दाम द्यावे, आणि आपली मुले, मुलीसुद्धा, सुटीच्या दिवशी त्याच्या भट्टीजवळ बसवावी. वखराची पास पाजविणारा गावात उरला नाही, तर ऐन पाळीच्या दिवसांत तालुक्याची वाट धरावी लागेल, आणि घात कोणासाठी थांबत नाही. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.