चुंबकशाळा आणि शेजारची शाळा

(व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील सार्वजनिक शाळा म्हटली की आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात दोन परस्परविरुद्ध चित्रे उभी राहतात. एक, महानगरातील पडझड झालेल्या वस्तीतल्या शाळेचे. दुसरे, हिरवळीने वेढलेल्या उपनगरातील प्रशस्त आणि सुसज्ज शाळेचे. दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु ती एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. आज ज्या शाळाव्यवस्थेचा विचार करावयाचा आहे तिचे वैशिष्ट्य असे, की ही दोन्ही अंगे तेथे एकाच प्रशासनाखाली आणि एकाच अंदाजपत्रकात नांदतात. ती व्यवस्था म्हणजे मेरिलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीची.

वॉशिंग्टन या राजधानीला लागून पसरलेली ही काउंटी, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग, अमेरिकेतील सधन प्रदेशांपैकी एक आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तिची लोकसंख्या १० लाख ६२ हजार होती. तिच्या सार्वजनिक शाळांची संख्या दोनशेच्या वर असून त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुले शिकतात. वार्षिक खर्च ३ अब्ज डॉलरहून अधिक आहे आणि कारभार लोकनियुक्त शिक्षणमंडळाकडे आहे. बेथेस्डा आणि पोटोमॅक येथील श्रीमंतांची मुले जशी या मंडळाच्या शाळांत जातात, तशीच सिल्व्हर स्प्रिंग, व्हीटन आणि गेथर्सबर्ग येथील भाड्याच्या सदनिकांत राहणाऱ्या एल साल्वादोर, इथिओपिया आदी देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांचीही जातात.

हे एकत्र नांदणे अमेरिकेत स्वाभाविक मानले जात नाही. तेथील पुष्कळ राज्यांत प्रत्येक लहान गावाचे स्वतंत्र शाळामंडळ असते आणि त्याची मुख्य मदार गावातील घरांवरील करावर असते. घरे महाग तेथे शाळा श्रीमंत. घरे स्वस्त तेथे शाळा दरिद्री. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली टेक्सासमधील एका खटल्यात ही विषमता राज्यघटनेच्या विरोधात नसल्याचा निर्णय दिला. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे ठरवले, की शहरातील वंशविभक्त शाळा एकत्र आणण्यासाठी, उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याखेरीज, त्यांना त्या योजनेत ओढता येणार नाही. या दोन निकालांनी गावाच्या सरहद्दीची भिंत झाली. मेरिलँडमध्ये मात्र शाळामंडळे काउंटीनिहाय आहेत. घरांवरील कर आणि स्थानिक प्राप्तिकर सबंध काउंटीच्या तिजोरीत जमा होतात आणि तेथून शाळांना वाटले जातात. अर्थात समतेच्या वाटेवरील पहिला अडसर येथे मुळातच नाही. सबब, अडसर नसतानाही गाडी कोठे अडते, हे पाहण्यास या काउंटीइतके उत्तम उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

१९५४ पर्यंत येथील गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वर्षीच्या ऐतिहासिक निकालानंतर १९५५ पासून एकत्रीकरणास आरंभ झाला आणि १९६१ पर्यंत ते कागदोपत्री पूर्ण झाले. तथापि कायद्याने जोडलेले बाजाराने पुन्हा तोडले. सत्तरीच्या दशकात राजधानीलगतच्या सिल्व्हर स्प्रिंग आणि टाकोमा पार्क या भागांत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांची संख्या वाढू लागली, तसतशी गोरी कुटुंबे दूरच्या नव्या वसाहतींकडे निघाली. मुलांना सक्तीने बसमधून दुसऱ्या भागात नेणे हा एक उपाय होता. परंतु त्याविरुद्ध देशभर उठलेला गदारोळ सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून दुसरा उपाय निवडण्यात आला. ज्या शाळांतून गोरी मुले निघून जात होती, तेथेच अन्यत्र न मिळणारे असे काही द्यायचे, की ती आपण होऊन परत येतील. लोहचुंबकाने लोखंड ओढून घ्यावे तसे मुलांना ओढून घेणारी, म्हणून ही ‘मॅग्नेट’ शाळा. १९७४ साली फोर कॉर्नर्स येथील प्राथमिक शाळेत सर्व विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. १९८५ साली सिल्व्हर स्प्रिंगमधील माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलमध्ये विज्ञान, गणित आणि संगणकशास्त्र यांचा विशेष अभ्यासक्रम सुरू झाला, जो पुढे सबंध देशात नावाजला गेला.

या योजनेमागील हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु चुंबक जेवढे ओढतो तेवढेच बाजूलाही सारतो. ब्लेअरमध्ये आज तीन हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. विज्ञानाच्या विशेष अभ्यासक्रमात दरवर्षी साधारण शंभरांना प्रवेश मिळतो. प्रवेशद्वार एक, भोजनगृह एक, क्रीडांगण एक. मात्र त्या शंभरांचे गणिताचे आणि विज्ञानाचे वर्ग वेगळे. आकडेवारीत शाळा मिश्र दिसू लागली, परंतु एकाच छपराखाली दोन शाळा भरू लागल्या. शेजारच्या गल्लीतून चालत येणाऱ्या मुलाला आपल्याच शाळेतील उत्तम प्रयोगशाळेचे दार बहुधा बाहेरूनच दिसे.

पुढे मूळ हेतूच न्यायालयात निकालात निघाला. रोझमेरी हिल्स या प्राथमिक चुंबकशाळेत बदली मागणाऱ्या एका गोऱ्या मुलाला, त्याच्या जाण्याने मूळ शाळेतील वांशिक समतोल बिघडेल या कारणावरून, नकार देण्यात आला होता. १९९९ साली संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा नकार घटनाबाह्य ठरवला. २००७ साली सिएटल आणि लुइव्हिल येथील प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही मुलाचा वंश पाहून शाळा ठरवण्यास मनाई केली. ज्या रोगासाठी औषध योजले त्याचे नाव घेण्यास बंदी झाली. औषध मात्र चालूच राहिले. एकत्रीकरणाचे साधन म्हणून जन्मलेला विशेष अभ्यासक्रम आता केवळ एक दुर्मिळ आणि मोलाची वस्तू म्हणून उरला.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा प्रश्न उपस्थित होतो. दुर्मिळ वस्तू वाटायची कशी? बाजार ती किमतीने वाटतो, रेशन दुकान रांगेने वाटते. सार्वजनिक शाळेला किंमत लावता येत नाही, म्हणून परीक्षा घेतली जाते. परीक्षा निःशुल्क दिसते; वस्तुतः तिची किंमत परीक्षेच्या दिवसापूर्वीच कोणीतरी चुकती केलेली असते. खासगी शिकवणी, घरातील पुस्तके, अर्ज केव्हा आणि कोठे करावयाचा ही माहिती, आणि सायंकाळी मुलाजवळ बसण्यास मोकळी असलेली आई किंवा वडील, हे सारे त्या किमतीचे हप्ते आहेत. दोन पाळ्यांत सफाईकाम करणाऱ्या आईला विशेष अभ्यासक्रम अस्तित्वात असल्याचेच पुष्कळदा कळत नसे.

२०१६ साली शिक्षणमंडळाने करविलेल्या पाहणीत हेच उघड झाले. विशेष अभ्यासक्रमांत गोरी आणि आशियाई वंशाची मुले प्रमाणापेक्षा अधिक, तर कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची मुले फार थोडी होती. त्यानंतर पालकांच्या अर्जाची वाट न पाहता सर्वच मुलांची चाचपणी करण्याची पद्धत आली. माध्यमिक वर्गांच्या निवडीत आणखी एक निकष आला: मुलाच्या नेहमीच्या शाळेत त्याच्या तोडीची आणखी मुले आहेत की नाहीत. असल्यास त्याला दूर नेण्याची निकड कमी समजायची. महासाथीच्या काळात पात्र ठरलेल्या मुलांतून सोडत काढण्यास प्रारंभ झाला.

या बदलांनी आशियाई पालक दुखावले आणि त्यांच्या एका संघटनेने २०२० साली खटला गुदरला. तो २०२२ साली जिल्हा न्यायालयाने फेटाळला. परंतु न्यायालयाने फेटाळले म्हणून त्या पालकांचे दुःख खोटे ठरत नाही. या काउंटीत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी केवळ शाळांकडे पाहून तेथे घर घेतले. ज्यांच्यापाशी वडिलोपार्जित मालमत्ता नाही, ओळखीपाळखी नाहीत, त्यांना गुणपत्रिका हेच एकमेव भांडवल वाटते. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने हे भांडवल जन्मभर जपलेले असते; परदेशी गेल्याने ती वृत्ती सुटत नाही. आपल्या मुलाने केलेले कष्ट निकष बदलल्यामुळे वाया गेले, असे त्यांना वाटणे माणसाला धरून आहे. मात्र त्यांची गाऱ्हाणी आणि सफाईकामगार आईची गाऱ्हाणी एकमेकांसमोर उभी करून व्यवस्था स्वतः नामानिराळी राहते. जागा कोणाला मिळाव्यात यावर दोन्ही पक्ष भांडतात. जागा शंभरच का, असे विचारणारे थोडे.

अलीकडे हा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. २०२५ साली शाळाप्रशासनाने काउंटीचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागात विशेष अभ्यासक्रम उपलब्ध करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यावर घेण्यात आलेला आक्षेप असा, की उच्च गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक मोजके आहेत. ते सहा ठिकाणी पांगले तर एकही ठिकाण धड उरणार नाही. शिवाय असामान्य ओढ असलेल्या मुलांना आपल्यासारख्या सोबत्यांची गरज असते. हा आक्षेप केवळ स्वार्थाचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. शिक्षक घडवण्याची तरतूद न करता पाट्या तेवढ्या वाढवल्या, तर समतेच्या नावाखाली सुमारपणाची वाटणी होईल आणि ज्यांना ऐपत आहे ते खासगी शाळांची वाट धरतील. अर्थात हे उत्तर विस्तार करू नये असे सांगत नाही. विस्ताराचा पुरता खर्च सोसा, एवढेच सांगते.

परंतु या काउंटीचा खरा धडा विशेष अभ्यासक्रमांत नाहीच. तो घरांच्या धोरणात आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते. १९७४ साली काउंटीने एक कायदा केला. मोठी वसाहत बांधणाऱ्या विकसकाने त्यातील ठरावीक हिस्सा, साधारणपणे १२ ते १५ टक्के घरे, बाजारभावापेक्षा कमी दराने दिली पाहिजेत. आणि त्यांतील एक तृतीयांश घरे विकत घेण्याचा अधिकार सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेला राहील. परिणामी अत्यंत गरीब कुटुंबे वेगळ्या चाळींत न कोंबता सधन वसाहतींतून विखुरली गेली. ही घरे प्रतीक्षायादीतून सोडतीने मिळत. कोणत्या कुटुंबाच्या वाट्याला कोणती वसाहत, आणि म्हणून कोणती शाळा यावी, हे दैवाधीन होते.

संशोधक हेदर श्वार्ट्झ यांनी याच गोष्टीचा उपयोग करून २००१ ते २००७ या काळातील साडेआठशेंवर मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास शिक्षणमंडळाने गरिबी अधिक असलेल्या शाळांना प्रत्येक मुलामागे सुमारे दोन हजार डॉलर जादा दिले होते. वर्ग लहान केले होते, शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खर्च केला होता. तरीही असे आढळले, की सधन भागातील साध्या शाळेत गेलेली गरीब मुले, जादा पैसा मिळालेल्या शाळांतील तशाच गरीब मुलांच्या पुढे गेली. प्राथमिक शिक्षण संपेपर्यंत या मुलांचे आणि सुस्थितीतील मुलांचे गणितातील अंतर निम्म्याने आणि वाचनातील अंतर एक तृतीयांशाने कमी झाले होते. या मुलांची बुद्धी तपासण्यासाठी कोणतीही चाळणी लावलेली नव्हती. त्यांची निवड गुणांनी झाली नव्हती. त्यांना फक्त शेजार मिळाला होता. गरीब शाळांवरील जादा खर्च व्यर्थ होता, असा याचा अर्थ नव्हे. गरिबी एका जागी साठू दिली की नंतर कितीही पैसा ओतला तरी तो अपुरा पडतो, एवढाच त्याचा अर्थ.

या कथेत आपल्या ओळखीचे पुष्कळ काही आहे. ब्लेअरचा विशेष अभ्यासक्रम सुरू झाला त्याच सुमारास, १९८५-८६ मध्ये, आपल्याकडे हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली. ग्रामीण मुलांसाठी किमान तीन चतुर्थांश जागा राखणाऱ्या या विद्यालयांनी असंख्य गुणी मुलांचे कल्याण केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कोठारी आयोगाने १९६६ साली सुचविलेली, परिसरातील सर्व थरांच्या मुलांची समान शाळा मात्र मागेच पडली. शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांना दिल्या. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द केली. त्या दुरुस्तीचा आशय साधा होता: गरिबांची शाळा जवळ आहे, तर गरिबाने तेथेच बसावे.

माँटगोमेरीच्या अनुभवाने नेमका याच विचाराला उलट पुरावा दिला आहे. निवडक मुलांसाठी उत्तम शाळा काढणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणालाच आपला शेजार बदलावा लागत नाही. सर्वांची शाळा उत्तम करावयाची तर नगररचना, घरबांधणी, करआकारणी आणि शिक्षकांची भरती या सर्वांना हात घालावा लागतो. म्हणूनच शिक्षणाच्या चळवळीने केवळ प्रवेशाच्या दारापाशी थांबून चालणार नाही. नव्या वसाहतींचे आराखडे मंजूर होतात त्या सभांतही तिने हजर राहिले पाहिजे. कारण कोणते मूल कोणत्या शाळेत बसणार, याचा निर्णय पुष्कळदा तेथेच होऊन गेलेला असतो.