गोळी सुरू केली आणि धाप लागते



दसरा जवळ आला की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बाया येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी कारखान्यावर निघायची असते, त्याआधी अंगावर काढलेली दुखणी दाखवून घ्यायची असतात. त्यांच्याकडून एक गाऱ्हाणं मी वारंवार ऐकतो. "डॉक्टरसाहेब, थायरॉईडची गोळी सुरू केली अन् तवापासून दम लागायलाय. जरा चाललं की धाप. छाती धडधड करायलीय. मग मीच बंद केली बघा गोळी."

आज मला या गाऱ्हाण्याबद्दलच बोलायचं आहे. बाईला दम लागतो हे खरंच असतं, ते मनाचे खेळ नसतात. गोळी तिने स्वतःच्या मनाने बंद केली, ते मात्र चुकतं.

ही गोळी म्हणजे आपल्याच कंठातल्या ग्रंथीत तयार होणारं थायरॉक्सिन. ते कमी पडलं की शरीराचं सगळं काम मंदावतं. अंग जड होतं, थंडी सोसत नाही, नाडी सावकाश चालते, पाळीत जास्त जातं. यावर गुणकारी उपचार १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या डॉक्टरांनी केला. ४६ वर्षांच्या एका बाईला त्यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क टोचला. ती बाई पुढे २८ वर्षं जगली आणि तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढरांच्या ग्रंथी लागल्या. आपल्या माळावरच्या धनगराला विचारा, ८७० मेंढरं म्हणजे केवढा कळप! आज तेच काम मोहरीएवढी गोळी करते, तीही मायक्रोग्रॅमच्या हिशोबात. म्हणूनच डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो.

ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात गुण देत नाही. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ७ दिवस लागतात आणि एका डोसचा पुरता परिणाम कळायला सहा आठवडे जातात. टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा करायची ती यासाठीच. पहिल्या आठ-दहा दिवसांत लागणारा दम पुष्कळदा मूळ आजाराचाच असतो. थायरॉक्सिन कमी असताना श्वासाचे स्नायू दुबळे पडतात, वजन वाढलेलं असतं, काही जणांच्या हृदयाभोवती पाणीही साठतं. गोळीने अजून काम सुरू केलेलं नसतं आणि आळ मात्र तिच्यावर येतो.

डोस जास्त झाला असेल तर चित्र निराळं दिसतं. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते, वजन उतरतं, स्वस्थ बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला शंभराच्या पुढे जाते किंवा वेडीवाकडी चालते. म्हाताऱ्या माणसाला किंवा आधीच हृदयविकार असलेल्याला हे झेपत नाही. त्यांना म्हणूनच १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून हळूहळू चढवत नेतात. शेजारणीची १०० ची बाटली आणून त्यातली गोळी घेणं किती धोक्याचं आहे, हे यावरून लक्षात यावं.

आपल्या जिल्ह्यात मला पहिला संशय येतो तो मात्र रक्त कमी असण्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. ७ आणि ८ वर आलेल्या बाया उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना मी पाहिल्या आहेत. थायरॉईड मंद असतो तोवर शरीराची प्राणवायूची मागणीच कमी असते, त्यामुळे थोड्या रक्तावर कसंबसं भागतं. गोळी सुरू झाली की अंग जागं होतं, मागणी वाढते, पण ती पुरवायला रक्तच नसतं. मग हृदय धावू लागतं. २००० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वैद्यकीय मासिकात अशाच मोजक्या रुग्णांची हकीकत छापून आली होती. थायरॉईडची गोळी त्यांना सोसत नव्हती, छाती धडधडत होती. लोहाची कमतरता भरून काढल्यावर तीच गोळी सोसू लागली. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी बसून ही हकीकत वाचताना मला आपल्याकडचेच चेहरे दिसत होते.

आता यातला गुंता पाहा. थायरॉईड कमी, म्हणून पाळीत जास्त जातं. जास्त जातं, म्हणून रक्त कमी. रक्त कमी, म्हणून गोळी सोसत नाही. गोळी बंद केली की पुन्हा जास्त जाऊ लागतं. आणि जास्त जातं म्हणून गर्भाशयच काढण्याचा विषय निघतो. गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायांमुळे २०१९ साली बीडचं नाव देशभर झालं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हा आकडा वाचून मला झोप लागली नव्हती. अंगावरून जास्त जाण्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक साध्या रक्ततपासणीत सापडतं आणि गोळीने आटोक्यात येतं. ऑपरेशनचा विषय निघण्याआधी टीएसएच झालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट, विरळा पण जिवावरची. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं, नंतर अंगावर दूध आलं नाही, पाळीही परतली नाही, असं कुणाचं झालं असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला इजा झालेली असू शकते. अशा बाईला आधी दुसरं औषध द्यावं लागतं. नुसती थायरॉईडची गोळी तिला घातक ठरू शकते. जुनं बाळंतपण असलं तरी डॉक्टरांना हे सांगा. त्यांनी विचारायची वाट पाहू नका. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं काढलेली छातीही तपासून घ्या. धुराने जडलेला दमा थायरॉईडच्या नावावर खपून जातो.

मात्र झोपल्यावर दम कोंडत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, छातीत आवळल्यासारखं होत असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल, किंवा एकाएकी धाप लागून एक पाय सुजला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा.

आता गोळी घ्यायची कशी ते सांगतो, कारण निम्मी चूक इथेच होते. पहाटे उठल्याबरोबर, चूल पेटवण्याआधी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. तोडीला पहाटे चारला उठून आधी चहा घशाखाली जात असेल, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. पण एकदा ठरलेली वेळ बदलत राहू नका. कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, बाटली उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियम यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. एकाच घोटात घेतल्या तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही, आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवत बसतात.

माझ्या माय-बहिणींनो, यंदा टोळी निघण्याआधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच दोन्ही तपासून घ्या. अहवालाचा कागद बरोबर न्या, आणि सहा आठवड्यांनी जिथे तोड चालू असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात तो दाखवून पुन्हा तपासणी करा. दम लागला तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.