आशेला वाट हवी



‘धीर सोडू नकोस’ असे नापास विद्यार्थ्यांना मी पंचवीस वर्षे सांगत आलो; उपयोग थोडाच झाला. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यामुळे उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले. त्यांना सावरले ते उपदेशाने नव्हे. नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे १९९१ साली पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. (सर्वांचे असे होत नाही, हे मान्य.)

आपल्या हाती विद्यापीठ नाही, वाचनालयाचे मेज आहे. नामपल्लीत खोली घेऊन राहणाऱ्या, मराठीत दोनदा अनुत्तीर्ण झालेल्या एका मुलाकडून मी इथे एकच निबंध पाच वेळा लिहवून घेतला. पाचव्या खेपेस आपल्या चुका त्यानेच मला दाखवल्या. परवा तो नवा विषय मागत होता.