उत्पत्तीचे सहा दिवस: बारामतीचे की इंदापूरचे?

बारामतीच्या मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचली, असे आपण अभिमानाने सांगतो. राम तोच, वनवास तोच. पण एकात ओठाला ओठ लागेल असे अक्षरच नाही, तर दुसऱ्याचे नावच ‘परंतुरामायण’. या एकशे आठांतले खरे कोणते, असे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

शेजारच्या इंदापुरात मात्र वेगळा मामला आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. कोणत्या साली, यावर अभ्यासक आजही भांडतात. तुम्ही बखर पुढे केलीत की ते समकालीन कागद मागतात. मागायलाच हवा, कारण तो प्रश्न इतिहासाचा आहे.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, देवाने सहा दिवसांत जग घडवले असे सांगितले आहे. ते इंदापूरच्या पद्धतीने, इतिहास म्हणून वाचायचे, की बारामतीच्या, काव्य म्हणून?

पुस्तकालाच विचारू या. पहिल्या दिवशी उजेड होतो; सूर्य-चंद्र येतात चौथ्या दिवशी. मग आधीचे तीन दिवस उगवले-मावळले कसे? ही शंका आजच्या विज्ञानवाद्यांनी उकरून काढलेली नाही. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच ती विचारली होती. आता दुसरा अध्याय उघडा. पहिल्यात झाडे, मग जलचर आणि पाखरे, मग जनावरे, आणि शेवटी माणूस, नर-नारी बरोबरच. दुसऱ्यात आधी मातीचा पुरुष आदाम, मग एदेन बाग, मग पशुपक्षी, आणि सर्वांत शेवटी त्याच्या फासळीपासून स्त्री. ज्यांनी हे पुस्तक सिद्ध केले, त्यांच्या नजरेतून हा फरक सुटला असेल? मला तसे वाटत नाही. तरीही त्यांनी एक कथा छाटून दुसरीशी जुळवली नाही; दोन्ही शेजारी ठेवल्या. घटनाक्रमाची नोंद करणारा कारकून असे करत नाही.

त्यांना सांगायचे होते ते निराळे. बाबिलोनी लोक सूर्य-चंद्राची पूजा करत. इथे त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान, दोन्ही देवाने नेमलेल्या. आणि सातव्या दिवशी विसावा. दासालाही आणि गुराढोरांनाही कामातून मोकळीक देणारा शब्बाथ त्यावरच उभा आहे.

सालांचा हिशेब नंतरच्या लोकांनी मांडला. 1650 मध्ये आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळींतल्या वर्षांचा मेळ घालून निर्मितीचे साल काढले: इसवी सनापूर्वी 4004. आपल्याकडच्या एखाद्या विहिरीत उतरून पाहा. मुरमाखाली काळा पाषाण लागतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, थरावर थर. अशरसाहेबांचा आकडा तिथेच बुडतो.

श्रद्धावंतांची एक शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर उभे केले आहेत: एकामुळे मरण आले, दुसऱ्यामुळे जीवन. आदाम झालाच नसेल, तर ख्रिस्ताचे काय? शंका जड आहे. पण रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात येशूला मृत्युदंड झाला, ही इंदापूरच्या धर्तीची गोष्ट आहे. तिची नोंद ताकितुस या रोमन इतिहासकारानेही केली आहे. तिला एदेन बागेच्या चतुःसीमेचा आधार लागत नाही.

दौंड तालुक्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या. ग्रंथ बाहेर पडला 1924 मध्ये. तो मिळाला तर उत्तम, नाहीतर कोणतेही मराठी बायबल घ्या. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचा आणि कशानंतर काय घडले ते कागदावर दोन रकान्यांत लिहून काढा. वाद त्यानंतर घालू.