रक्ताची चाचणी आणि आपला संकोच

(स्मृतिनगर, भिलाई येथे मंडळाच्या सभासदांपुढे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय काढतो आहे, याबद्दल क्षमा असावी. पण ज्यांनी ऐन उमेदीत हे मंडळ उभारले ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत, आणि त्यांच्या मुलांनीही पंचेचाळिशी गाठली आहे. या रोगाकडे लक्ष ठेवण्याचे हेच वय होय.

अलीकडे पुष्कळजण तपासणीचा कागद पुढे करून विचारतात, "डॉक्टर, यात कॅन्सरची चाचणीही आहे. ती ठीक आली. आता काळजी नाही ना?" ती चाचणी बहुधा 'सीईए'ची असते. हे द्रव्य १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रिअल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी शोधले. शस्त्रक्रियेनंतर रोग उलटतो आहे काय, हे पाहण्यास ते उपयोगी पडते. परंतु आरंभीच्या रोगात ते पुष्कळदा वाढत नाही. उलट नुसत्या धूम्रपानानेही वाढू शकते. तेव्हा त्यावर निश्चिंत होणे बरे नव्हे.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत 'शील्ड' नावाच्या नव्या रक्तचाचणीस मान्यता मिळाली. गाठीतून रक्तात उतरलेले डीएनएचे अंश ती ओळखते. तिच्या अभ्यासात शंभरांपैकी ८३ कर्करोग सापडले. पण कर्करोगाकडे झुकलेल्या गाठी शंभरांत अवघ्या १३! दुर्बिणीच्या तपासणीत अशा गाठी दिसतात, तेथल्या तेथे काढताही येतात, आणि पुढचा रोग टळतो. आपल्या कारखान्यातला रूळ वरून चकचकीत दिसतो म्हणून कोणी पुढे धाडीत नाही. आतला दोष तपासतात. तोच न्याय येथे लावावा.

शिवाय ही चाचणी सर्वसाधारण धोका असणाऱ्यांसाठीच आहे. ज्यांच्या घराण्यात हा रोग आहे, त्यांच्यासाठी नव्हे. आणि आपली अडचण नेमकी येथेच आहे. आपण गाव सोडून इतक्या दूर आलो. काका "पोटाच्या दुखण्याने" गेले, एवढेच पत्रातून कळले. ते दुखणे कोणते, हे ना कोणी लिहिले, ना आपण विचारले. शौचातून रक्त पडले तरी मूळव्याध समजून आपण गप्प बसतो. घरच्या माणसांसही सांगत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच. या दिवाळीत गावी गेलात की वडीलधाऱ्यांस विचारा, कोण कशाने गेले. रक्त पडत असेल, शौचाची सवय बदलली असेल, किंवा साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन विनाकारण उतरले असेल, तर डॉक्टरांस मोकळेपणी सांगा. रक्ताचा थेंब पुष्कळ सांगतो. पण जे आपण लपवतो, ते त्याने सांगावे ही अपेक्षा धरू नये.